नऊमाळ्यावरची बघणी

सगुणाबाईच्या नातवाचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात नऊमाळ्याच्या डोक्यावर पोकलेन चढलं.

ते वर कसं चढतं हे बघायला पाचखारचं अर्धं गाव कंपनीच्या फाटकाशी जमलं होतं. क्रेननं त्या पिवळ्या मशीनच्या पोटाखालून पट्टे घातले, त्याला हवेत गरगरवलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. पोराटोरांनी टाळ्या पिटल्या. सगुणाबाई आपल्या ओटीवरून बघत होती. हातात सुक्या बोंबलांचं सूप होतं, ते तिनं असं आपटलं की दोन बोंबील उडून अंगणात गेले.

"मेल्यांनो, टाळ्या कसल्या पिटता?" ती ओरडली. "गावाचं नाक कापायला न्हावी आलाय, त्याला टाळ्या?"

नऊमाळा म्हणजे सोड्याच्या कंपनीचं हापिस. त्याचं खरं नाव दारावर पितळी अक्षरांत होतं, पण ते गावात कधी कुणी घेतलं नाही. सगुणाबाई लग्न होऊन आली त्या काळात रेवसपासून अलिबागपर्यंत माडीचं घर शोधत फिरावं लागे, आणि इथं मिठागरांच्या मधोमध एकावर एक नऊ माळे उभे! वर जायला लिफ्ट. मुंबईचे बाबू सकाळच्या लाँचनं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरत, कंपनीच्या निळ्या बसमधून येत, लिफ्टनं वर जात आणि संध्याकाळी पुन्हा लाँच गाठत. दिवसभरात त्यांचा पाय पाचखारच्या मातीला लागत नसे. मुंबईत जागा महाग म्हणून मालकानं इथं हापिस बांधलं, असं म्हणत. इथली जागा स्वस्त होती यात नवल काय? ती खाली नुसता चिखल होती.

त्या चिखलात पाया धरेना. दगड टाकला की गिळला, माती टाकली की गिळली. मग कंपनीनं गावाशेजारची टेकडी कापली आणि तिची सगळी माती, मुरूम, दगड त्या चिखलाच्या घशात घातला, तेव्हा कुठं पाया बसला.

ती टेकडी साधी नव्हती. पाचखारमध्ये नवरी आली की दुसऱ्या दिवशी तिला टेकडीवर नेत. सासू नाही, तर भावकीतली मानाची बाई नेई. वर गेल्यावर माहेराच्या दिशेला तोंड करून उभं करी आणि विचारी, "दिसलं?" नवरी म्हणे, "दिसलं." मानाची बाई म्हणे, "मग आता पाय ठेव." ह्याला बघणी म्हणत. बघणी झाली की नवरी सासरची. मग रडायचं असेल तर चुलीशी रडावं, वाटेकडं बघून रडू नये.

टेकडी गेली तेव्हा गाव म्हणालं, बघणी बुडाली. सगुणाबाईचा सासरा दयाराम गावाचा पुढारी होता. तो म्हणाला, "टेकडी गेली कुठं? ती काय, हापिसाच्या बुडाखाली हाय. तिच्यावर नऊ माळे चढवलेत. आपली टेकडी उंच झाली म्हणा की!" तो कंपनीच्या मोठ्या साहेबाकडं गेला आणि म्हणाला, नोकऱ्या द्या तेव्हा द्या, पण आमच्या नवऱ्या तुमच्या गच्चीवर जाणार. साहेब हसला आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, वर्षभर येतील, मग कंटाळतील. साहेब किती आले नि किती गेले, नवऱ्या येतच राहिल्या. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी लिफ्टमध्ये शिरली की सगळ्या माळ्यांवरची टायपिंगची कडकड थांबायची आणि मुंबईच्या पोरी दारात येऊन बघायच्या.

नऊमाळ्यावर चढलेली पहिली नवरी सगुणा. तिचं माहेर खाडीपल्याड, करंज्याला. तिला गच्चीवरून सगळं दिसलं होतं. द्रोणागिरीचा डोंगर, करंजा बंदरातल्या डोलकाठ्या, आणि बंदरामागं आपल्या आळीची कौलं. "दिसलं!" असं ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली होती की लिफ्टवाला दचकला होता. पुढं सासू गेली आणि बघणीचा मान सगुणाबाईकडं आला. तेव्हापासून पाचखारात आलेली प्रत्येक नवरी तिनं वर नेली. कंपनीनं एक दिवस टाळं लावलं, लिफ्ट बंद पडली, गंज चढला, तरी बाई हटली नाही. राखणदाराकडून चावी घ्यायची आणि गुडघ्याला शिव्या देत जिन्यानं चढायचं.

आता मात्र जागा कुणा गोदामवाल्यानं घेतली होती, आणि नऊमाळा वरून खाली खात यायचं ठरलं होतं. आधी गच्ची, मग नववा, मग आठवा. लग्न महिन्याभरावर, आणि मशीन भुकेलं.

"थांबव ते," सगुणाबाईनं मुलाला सांगितलं.

मितेश भाकरी मोडत होता. त्याचे तीन डंपर होते, आणि नऊमाळ्याचा राडारोडा उचलायचं काम त्यालाच मिळालं होतं. "आई, तोडणारा मी न्हाय. मी नुसता कचरा उचलतो."

"गिधाडपण तेच सांगतं."

"अगं, लग्नाचा खर्च त्यातूनच निघणार हाय ना?"

"म्हंजे नवरीचा शालू तिच्या बघणीच्या गच्चीतून काढणार. वा रे माझा वाघ!"

सून सुचिता चुलीशी होती. तिनं तोंडावर पदर घेतला. हसू आलं की खोकला, ते कळलं नाही.

गंमत नव्हती ती. सगुणाबाईला भीती होती, आणि तिचं कारण ती कुणाला सांगत नव्हती. गावात मानलं जाई की जिला बघणीत माहेर दिसलं नाही, तिचा पाय सासरी ठरत नाही. पाटलांच्या मधल्याच्या बायकोची बघणी दाट धुक्यात झाली, ती सहा महिन्यांत परत गेली, हे सगळ्यांना ठाऊक. आता हिची नातसून व्हायची ती अमिषा नागावची. बापाची नारळाची वाडी आणि पाहुण्यांना राहायच्या खोल्या, पोरगी पनवेलला बँकेत. निकेतची नोकरीही पनवेललाच. आणि गेले काही दिवस निकेत जेवताना मोबाईलवर फ्लॅट बघत होता. आजी जवळ आली की मोबाईल पालथा घालायचा. सगुणाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण फ्लॅटचा फोटो वाचायला शाळा लागत नाही.

घरात हा एकच नातू. तो गेला तर मागं राहणार कोण? डंपर, सुके बोंबील आणि तीन म्हातारी माणसं. सगुणाबाईनं मनाशी बांधलं की पोरगी एकदा नऊमाळ्यावर गेली, तिनं नागाव बघितलं, "दिसलं" म्हणाली, की तिचा पाय इथं रुतला. मग निकेत काय करतो ते बघू. पण त्यासाठी नऊमाळा तर हवा!

तिला बसवेना. सूप घ्यायची, ठेवायची. ओटीवर यायची, हाताची सावली धरून माळे मोजायची, आत जायची, पुन्हा बाहेर यायची. दिवसभर ब्रेकरची टरटर चाले, भांडी फडताळात थरथरत. सातवा माळा अर्धा गेला तशी ती उठली, प्लास्टिकची खुर्ची उचलली, फाटकासमोरच्या रस्त्यात मधोमध टाकली आणि बसली.

पहिला डंपर आला, तो मितेशचाच. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"वाजव," सगुणाबाई म्हणाली. "वाजवून वाजवून तुझी बॅटरी उतरेल. माझी न्हाय उतरायची."

मागं दुसरा थांबला, मग तिसरा. मितेश मोटारसायकलवरून धापा टाकत आला. "आई, घरी चल. लोक हसतायत."

"हसू देत. फुकट हाय."

शेवटी आतून साइटवरचा इंजिनियर आला. गणराज त्याचं नाव, पोयनाडकडचा पोरगा, मानेवर घामोळं आलेलं. त्यानं आधी साहेबी आवाजात सांगून बघितलं, मग हात जोडले. "आजी, काम थांबवता येणार नाही. माझी नोकरी जाईल."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही अजून."

"आईला सांग, पाचखारची पोरगी बघू नको. मी एकीला देऊ द्यायची न्हाय."

गणराज डोकं खाजवत म्हणाला, "उद्या मशीनचा पाइप बदलायचाय. अर्धा दिवस काम बंद राहील. सहाव्यापर्यंत जिना शाबूत आहे. मी बरोबर येतो, हेल्मेट घालायचं, आणि दहा मिनिटांत खाली. चालेल?"

"उद्या लग्न कुठं हाय? लग्नाला अजून पंधरा दिवस हायत!" मितेश म्हणाला. "लग्नाआधी नवरीनं गावच्या शिवेत पाय ठेवायचा नसतो, तूच सांगतेस ना?"

सगुणाबाईनं खुर्चीतून त्याच्याकडं बघितलं. असं कधी झालं नव्हतं हे तिला मुलापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण लग्नापर्यंत नऊमाळ्याचं जोतंसुद्धा राहणार नव्हतं.

"शीव मी सांभाळते," ती म्हणाली. "तू फोन लाव नागावला."

नागावहून अमिषाच्या आईनं फोनवर बरंच ऐकवलं. आमच्यात असलं काही नसतं, पोरीला सुट्टी नाही, पडली बिडली तर काय. सगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं, तेही तिला सवय नसताना. मग फोनवर अमिषा आली आणि म्हणाली, "येते मी आजी. किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी निकेत तिला गाडीतून घेऊन आला. जीन्सवर कुर्ता, केस वर बांधलेले. सगुणाबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटली. शेजारची भागुबाई कुंपणाशी उभीच होती. दोघींचं वय एक, लग्नही एकाच वर्षातलं, आणि भांडणही तेवढंच जुनं.

"सगुणे, लग्नाआधी नवरी शिवेत?"

"बिल्डिंग थांबत न्हाय, म्हणून नवरी धावतेय. तू बस लसूण सोलत."

फाटकात गणराजनं सगळ्यांना पिवळी हेल्मेटं दिली. सगुणाबाईनं आपलं उलटं धरून आत बघितलं. "ह्यात कालवण किती मावेल रे?" तिनं विचारलं, आणि पदरावरून ते डोक्यावर चढवलं. पुढं गणराज, मागं अमिषा, मग सगुणाबाई, आणि शेवटी नारळ-हळदीचं ताट घेतलेली सुचिता. निकेतला खालीच उभं केलं. बघणीला पुरुष लागत नाही.

जिन्याला कठडा राहिला नव्हता. माळ्यामाळ्यावर दारं नसलेल्या खोल्या, भिंतींवर जिथं कपाटं होती तिथं पांढरे चौकोन, एका खोलीत तुटकी टेबलं ढिगानं. तिसऱ्यावर सगुणाबाईचा गुडघा कुरकुरला. अमिषानं हात पुढं केला. तो तिनं घेतला नाही. चौथ्यावर घेतला.

सहाव्या माळ्याच्या वर छत नव्हतं. नुसत्या सळया आकाशाकडं वाकड्या झालेल्या. वारा असा की ताटातली हळद उडाली आणि गणराजचा शर्ट पिवळा झाला. खाली मिठागरं, त्यांतली निम्मी भरावानं बुजलेली, तिवरांची काळी पट्टी, मग धरमतरची खाडी. एक लाँच रेवसकडं येत होती. पलीकडं करंजा. सगुणाबाईचा श्वास चढला होता, तरी तिनं आधी तिकडंच बघितलं. मग तिनं अमिषाला खांद्याला धरून दक्षिणेकडं वळवलं. समोर कनकेश्वराचा डोंगर पसरला होता.

"तो डोंगर बघ. त्याच्या डाव्या खांद्याला झाडी दिसते? ती नागावची वाडी. दिसलं?"

अमिषानं डोळे बारीक केले. वाऱ्यात हेल्मेट सावरत ती बघत राहिली. गणराजनं घड्याळाकडं बघितलं.

"नाही दिसलं आजी," ती म्हणाली.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. नागाव डोंगराच्या पलीकडं आहे. आमच्या वाडीतून हाच डोंगर उलट्या बाजूनं दिसतो. मधे तो असताना इथून कसं दिसेल?"

"अगं, गच्ची असती तर दिसलं असतं. तीन माळे खाल्ले न्हाय का मेल्यांनी!"

"नऊ माळे असते तरी डोंगरापुढं काय?" अमिषा हळूच म्हणाली. तिला वाद घालायचा नव्हता, हे दिसत होतं. "खोटं सांगू का? सांगते हवं तर. पण तुम्ही विचारताय, म्हणून खरं सांगितलं."

सगुणाबाई सुनेकडं वळली. "सुचिते, सांग हिला. तुझं माहेर रोह्याला. ते तर त्याहून लांब. तुला कसं दिसलं होतं?"

सुचिता ताट धरून उभी होती. तिनं आधी ताट खाली ठेवलं.

"मला पण न्हाय दिसलं, आई."

"काय?"

"रोहा इथून दिसत न्हाय. मी तुमच्या बोटाकडं बघितलं आणि दिसलं म्हणाले."

"का?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

सगुणाबाई तशीच खाली उतरली. नारळ सुचितानं गणराजच्या हातात दिला, दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं, त्याला घरातले सगळे घाबरले. बाई ओरडली असती तर बरं होतं. ती घरात थांबेनाशी झाली. सकाळी उठायची, चपला घालायची, विसरायची, अनवाणीच निघायची. जिला जिला तिनं बघणीला नेलं होतं, तिच्या तिच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "खरं सांग. तुला दिसलं होतं?"

पहिली गेली ती भागुबाईकडं. तिची बघणी सगुणाबाईच्या सासूनं केली होती, पण सुरुवात कुठून तरी करायची होती.

"माझं माहेर पेण," भागुबाई म्हणाली. "पण मी बघितलंच न्हाय. लिफ्ट सुटली तसे मी डोळे मिटले ते खाली आल्यावर उघडले. पोटातलं सगळं तोंडात आलं होतं बाय. दिसलं म्हणाले नसते, तर तुझ्या सासूनं मला पुन्हा वर नेलं असतं."

नीराबाईनं मासे साफ करता करता सांगितलं. "मला पेझारी न्हाय दिसली. मला त्या टायपिंगवाल्या पोरी दिसल्या. खुर्चीवर बसलेल्या, डोक्यावर पंखा. मी म्हटलं, मला मुलगी झाली तर ती खुर्चीवर बसेल. बसली की नाही? पंचायतीत कारकून हाय."

तिसरीनं सांगितलं, तिला खाली फाटकाशी तिचा नवरा दिसला, सुकटीएवढा. आदल्या दिवशी मंडपात तो तिला राक्षसासारखा वाटला होता, वरून सुकट दिसला आणि तिची भीती गेली. चौथीनं म्हटलं, तिला नुसती पाण्याची टाकी दिसली, हिरवी, शेवाळलेली, तिच्यात कावळा मरून पडला होता. पाचवीला खोल समुद्रातलं मोठं जहाज दिसलं होतं, ते बघून तिनं पुढं मुलाला जहाजावर पाठवलं, तो आता सिंगापूरकडं असतो. एकीनं सगुणाबाईचा हात धरून सांगितलं, "मावशी, तुमच्या अंगाला त्या दिवशी जवळ्याचा वास येत होता, माझ्या आयेसारखा. मी त्याच्यावरच दिसलं म्हणाले."

करंजा, आवरे, सासवनं, खाडीकाठच्या चारपाच गावांच्या सुना सोडल्या, तर कुणाला माहेर दिसलं नव्हतं. गावभरच्या बायका सगुणाबाईच्या तोंडावर खोटं बोलल्या होत्या, तिच्या सासूच्याही, आणि खोटं बोलून जुन्या पिढीतल्या सगळ्या राहिल्या होत्या. पोरं झाली, नवरे दारू प्यायले, कंपनी बंद झाली, मिठागरं गेली, तरी राहिल्या. एक पाटलांच्या मधल्याची गेली. ती धुक्यामुळं गेली की मधल्याच्या हातामुळं, हे आता सगुणाबाईनं स्वतःशी पहिल्यांदा विचारलं. मधल्याचा हात कसा चाले ते गावाला तेव्हाही ठाऊक होतं. धुक्याचं नाव घेणं सोपं होतं एवढंच.

तिला राग आला होता, तो कुणावर काढावा कळत नव्हतं. घराकडं येताना तिनं बघितलं, नऊमाळ्याचे तीनच माळे उरले होते. जिथं दुपारी त्याची सावली पडून बोंबील उशिरा वाळायचे, तिथं आता लख्ख ऊन होतं. मितेशचा डंपर धूळ उडवत गेला. तिनं धुळीकडं बघून शिवी दिली, पण त्यात जोर नव्हता.

घरी आल्यावर ती सुचिताला म्हणाली, "त्या पोरीला फोन लाव."

सुचितानं लावून दिला. सगुणाबाईनं मोबाईल पानाच्या डब्यासारखा तोंडासमोर धरला. "अमिषा, मी बोलतेय. एक विचारते. त्या दिवशी खरं बोललीस, तसंच आता बोल. तू इथं राहणार का जाणार?"

पलीकडं बँकेतला गोंगाट होता. मग तो कमी झाला. पोरगी कुठंतरी बाजूला गेली असावी.

"आजी, आम्ही उलव्याला फ्लॅट बघितलाय. लग्नानंतर तिथं राहायचं म्हणतोय. पाचखारहून रोज जायचं-यायचं म्हणजे चार तास जातात. निकेत तुम्हाला सांगायला घाबरतोय. मी म्हटलं होतं, मी सांगते. तर तो म्हणाला, लग्न होऊ दे आधी."

सगुणाबाईनं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला.

"आजी? रागावलात?"

"रागावले तर काय करशील?"

"काय करणार? पण फ्लॅट घेणारच," अमिषा म्हणाली.

सगुणाबाईनं मोबाईल सुनेच्या हातात दिला, बंद कसा करायचा ते तिला येत नव्हतं. मग ती परसात गेली आणि सगळे बोंबील, वाळलेले आणि न वाळलेले, एकातच मिसळून ठेवले. संध्याकाळी सुचिता ते पुन्हा वेगळे करत बसली.

निकेतला तिनं काही विचारलं नाही. हळदीला ती नाचली नाही, पण लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाताना कुठं चुकली ते तिला सांगितलं. भावकीतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. लग्नाआधी बघणी केली, आणि त्या दिवसापासून म्हातारी दारोदार फिरतेय, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यांना कळलं होतं. नेमकं काय ते तिघींनाच ठाऊक होतं, आणि त्या तिघी बोलल्या नव्हत्या. गणराजनं नारळ फोडून खाल्ला होता, तोही बोलला नव्हता.

लग्न नागावला लागलं. संध्याकाळी वरात पाचखारला आली. बाजा वाजत होता, फटाक्यांचा धूर होता, आणि नऊमाळ्याच्या जागी तुटक्या काँक्रीटचा पसारा. त्यातून सळया वेगळ्या काढणारी माणसं काम थांबवून वरातीकडं बघत होती. दारात सुचितानं तांदळाचं माप ठेवलं. अमिषा शालूत होती, मुंडावळ्या वाऱ्यानं कानामागं गेलेल्या. निकेतनं तिचा हात धरला होता, आणि आजीकडं न बघायची काळजी घेतली होती.

सगुणाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. आरतीचं ताट तिच्याच हातात.

भागुबाईनं नेमका तोच क्षण साधला. बाजा थांबलेला, सगळी भावकी दारात. "सगुणे," ती म्हणाली, "नवरीची बघणी केलीस ना? काय म्हणाली नवरी? दिसलं माहेर?"

निकेतची मान खाली गेली. अमिषानं डोळे वर केले आणि सगुणाबाईकडं बघितलं. ती तोंड उघडणार हे सगुणाबाईला दिसलं. पोरगी दारातच खरं सांगून बसली असती.

"तू गप," सगुणाबाई तिला म्हणाली. मग भावकीकडं वळली. एक "दिसलं" म्हटलं की झालं होतं. पन्नास वर्षांत कुणी त्यावर उलटा प्रश्न विचारला नव्हता. तिचा मान, तिच्या सासूचा मान, दयारामाचं नाव, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तिनं ताट डाव्या हातात घेतलं.

"न्हाय दिसलं," ती म्हणाली.

भागुबाईसकट सगळ्यांनी श्वास आत ओढला.

"आणि तिचा पाय इथं ठरायचा पण न्हाय. उलव्याला चाललीय, नवऱ्याला घेऊन. हा माझा शहाणा तिकडं फ्लॅट घेतोय, आणि माझ्यापासून लपवतोय, जशी मी बहिरी-आंधळी." निकेत लाल झाला. मितेश "आई" म्हणाला, पण तिनं हातानंच त्याला बसवलं. "पण हिनं मला सांगितलं. मी फोन लावून विचारलं, हिनं सांगितलं. भागे, तुझी सून दिसलं म्हणाली होती ना? मीच नेली होती तिला. कुठं हाय ती?"

"कामोठ्याला," भागुबाई बारीक आवाजात म्हणाली.

"कधी गेली? तुला विचारून? तू बाजाराला गेलीस आणि ती टेम्पो भरून गेली. आता दिवाळीला पेढ्याचा बॉक्स घेऊन पाहुण्यासारखी येते, आणि तू चहाबरोबर बिस्किटं ठेवतेस. अजून कुणाकुणाच्या सांगू? दिसलं म्हणून गेलेल्या मोजल्या तर ही ओटी पुरायची न्हाय. माझी सांगून चाललीय. सांगून गेलेलं माणूस परत येताना वाट विचारत न्हाय."

नीराबाईनं डोळ्याला पदर लावला, मग तो लावल्याचा तिलाच राग आला आणि तिनं नाक पुसलं. आपण हे काय बोलून बसलो, हे सगुणाबाईला आता कळत होतं, आणि शब्द परत गिळायला फार उशीर झाला होता. घर रिकामं होणार होतं, ते ती स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर बोलली होती.

"आणि तू गं," ती अमिषावर खेकसली, "उभी काय खांबासारखी? ओलांड माप. हळू! तांदूळ विकतचे हायत, खाचरातले न्हायत."

अमिषानं पायानं माप लवंडलं. तांदूळ उंबऱ्याच्या आत पसरले. ती आत आली आणि वाकली. सगुणाबाईनं तिला पायांपर्यंत पोचू दिलं नाही, दंडाला धरून उभं केलं, आणि तोंडाजवळ तोंड नेऊन, बाजा पुन्हा सुरू झाला होता म्हणून मोठ्यानं, विचारलं, "शनिवारी येशील?"

"येईन."

"कधी?"

"दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत म्हणजे जेवायला, का जेवून?"

अमिषानं निकेतकडं बघितलं नाही. "जेवायला," ती म्हणाली.

"मग तसं बोल की," सगुणाबाई म्हणाली, आणि ताट सुचिताच्या हातात कोंबून, वरातीच्या वाटेत आडवा डंपर कुणी लावलाय ते विचारायला अनवाणीच बाहेर गेली.